चार्ज घेतलात, आता आधी पाण्याच्या पिंपापाशी उभे राहा

२०११ साली माझ्याकडे पहिल्यांदा मुख्याध्यापकपदाचा चार्ज आला. अर्थात प्रभारी. पहिली ते चौथी, पट ८६, मला धरून शिक्षक तीन. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार प्राथमिक शाळेचा पट दीडशेच्या वर गेला तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. त्यामुळे आमच्यासारख्यांनी चौथीचा वर्ग घेत, तांदूळ मोजत आणि ‘तातडीची माहिती’ पाठवत जमेल तेवढा मुख्याध्यापकपणा करायचा असतो. चार्ज घेण्यातच तीन दिवस गेले. पातेली मोजली, सतरंज्या मोजल्या, एका कपाटाची किल्लीच नव्हती, त्याचा पंचनामा केला.

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं गाव. मध्ये गावठाण, त्याला लागून दलित वस्ती, ओढ्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा आणि माळावर पारध्यांची पाच-सहा पालं. सगळ्यांची मुलं एकाच शाळेत.

यंदा माझ्या ओळखीतल्या चार-पाच जणांकडे चार्ज आला. प्रत्येकाचा फोन आला आणि प्रश्न साधारण एकच होता : ‘मॅडम, प्रशिक्षणात सामाजिक न्यायावर एक तास झाला, पण सोमवारी शाळेत जाऊन नेमकं करायचं काय?’ फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, ते इथं एकत्र लिहिते आहे.

पहिले पंधरा दिवस

काहीही बदलू नका. एक शंभर पानी वही करा. ती टेबलावर ठेवू नका, पिशवीत ठेवा. मधल्या सुट्टीत ऑफिसात बसून डबा खायचा मोह टाळा आणि पाण्याच्या पिंपापाशी उभे राहा. कोण आधी पितं, कोण थांबतं, ओगराळं कुणाच्या हातात असतं, कोण ओंजळीनं पितं ते बघा. मग जेवणाच्या पंगती बघा. ओळी वर्गवार पडतात की गल्लीवार? झाडू कुणाच्या हातात असतो? ऑफिसातले चहाचे कप कोण विसळतं? परिपाठाला पुढं कोण उभं राहतं? साहेब वर्गात आले की वाचायला कुणाला उठवलं जातं? वहीत ‘काही मुलं’ असं लिहू नका. नावं लिहा.

माझ्या शाळेत पाण्यावरून कसलंच भांडण नव्हतं. पण दोन मुली रोज फाटकाबाहेरच्या हापशावर जाऊन पाणी प्यायच्या. विचारलं तर म्हणाल्या, ‘मॅडम, तिथलं गार असतंय.’ मला पटलं, हापशाचं पाणी गारच असतं. दीड महिन्यानं एकदा धो धो पाऊस पडत असताना त्या दोघी डोक्यावर दप्तर धरून हापशाकडे पळताना दिसल्या, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खिचडीच्या मावशींना विचारलं. त्या पातेलं घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘त्यांच्या आयांनीच सांगितलंय, कशाला उगं कुणाचं बोलून घ्यायचं.’ म्हणजे आज कुणी अडवत नव्हतं. कधी तरी कुणी तरी काही तरी बोललं होतं, तेही या मुलींना नाही, यांच्यातल्या एकीच्या मोठ्या बहिणीला, चार वर्षांपूर्वी.

बाबासाहेबांनी आपल्या शाळेच्या दिवसांबद्दल लिहून ठेवलंय. बसायचं गोणपाट घरून न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं, आणि शिपायानं नळ सोडला तरच पाणी. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्यात त्यांचं नाव शाळेत दाखल झालं, म्हणून आता आपण तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. मुलं भाषणं करतात, छान करतात. भाषणं संपून सुट्टी झाली की कोण कुठं पाणी पितं, ते बघायला मात्र परिपत्रक येत नाही.

मी केलं ते असं. ओगराळं बंद केलं. पिंपाला तोटी बसवून घेतली. पिंप मागच्या व्हरांड्यातून उचलून ऑफिसच्या दारात आणलं. आणि रोज मधल्या सुट्टीत त्या दोघींना हाक मारून रांगेत त्यांच्या मागं उभी राहून पाणी प्यायला लागले. या विषयावर अवाक्षर काढलं नाही. समतेवर भाषण ठोकलं असतं तर संध्याकाळी पारावर त्या दोघींचीच चर्चा झाली असती. आठ-दहा दिवसांत हापसा सुटला. (तोटी चार महिन्यांत गळायला लागली, ती गोष्ट वेगळी.)

बसण्याचंही तसंच. ‘मुलं आपापल्या मैत्रीनं बसतात’ असं वर्गशिक्षक सांगतील. खरंही असतं, पण मैत्री घरासमोरच्या ओट्यावर होते आणि ओटे जातीजातीचे असतात. सोमवारी चिठ्ठ्या टाकून जागा बदला. मुलांना तो खेळ वाटतो. आणि हजेरी पहिल्या नावानं पुकारा. कॅटलॉगमध्ये आडनाव आधी असतं म्हणून ते पुकारायलाच पाहिजे असं कुठंही लिहिलेलं नाही. रोज सकाळी अकरा वाजता आडनावं पुकारून आपण आख्ख्या वर्गाला कोण कुठल्या आळीचं ते पाठ करून देतो.

यादी मागवली की सावध व्हा

शाळेत जातीचा उल्लेख सगळ्यांत जास्त कोण करतं? गावगुंड नाही. आपण करतो, कार्यालयीन कामात. ‘एससीचे किती? हात वर करा.’ ‘एनटीच्या मुली उभ्या राहा, भत्त्याच्या सह्या करायच्यात.’ पहिली ते चौथीच्या या मुलींना उपस्थिती भत्ता म्हणून दिवसाचा एक रुपया. तेवढ्या रुपयासाठी आठ वर्षांच्या पोरीला वर्गासमोर उभं करतो.

हे मीही केलंय. चार्ज यायच्या कितीतरी आधी, नोकरी नवी असताना. अस्वच्छ व्यवसायात काम करणाऱ्या पालकांच्या मुलांसाठी एक शिष्यवृत्ती आहे, योजनेचं नावच तसं आहे. परिपत्रक आलं, मी ते वर्गात जसंच्या तसं वाचलं आणि विचारलं, ‘कुणाचे वडील हे काम करतात?’ कुणी उठलं नाही. मी ‘निरंक’, म्हणजे एकही नाही, अशी माहिती लिहून पाठवली. आपल्या खात्याचा हा आवडता शब्द. त्या वर्गात एक मुलगा होता, त्याचे वडील गटारं काढायचे. मला माहीत होतं, गावाला माहीत होतं. तो खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत बसला होता. त्याची त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली. ती त्याच्या लाजेनं गेली असं मी बरीच वर्षं म्हणत होते. माझ्या त्या वाचनामुळे गेली हे कबूल करायला वेळ लागला.

तर नियम असा करा : जातीची, उत्पन्नाची, आईबापाच्या धंद्याची कुठलीही माहिती वर्गात विचारायची नाही. ती जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या कायम नोंदवहीत आहे, तिथून काढा. जे तिथं नाही ते पालकाला एकट्याला बोलावून विचारा. पैसे-साहित्य वाटताना फोटो नको. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लाभार्थ्यांची यादी टाकायची नाही. केंद्रातल्या शाळांच्या ग्रुपवर टाकली की ती अर्ध्या तासात गावाच्या ग्रुपवर असते.

योजनाच माणसं वेगळी पाडत असेल तर वाटप तरी एकत्र करा. मोफत गणवेशात पूर्वी सगळ्या मुली, अनुसूचित जाती-जमातीची मुलं आणि दारिद्र्यरेषेखालची मुलं एवढीच बसायची. उरलेल्या मुलांना राज्यानं २०२३ मध्ये सामावून घेतलं. त्याआधी आमच्याकडे दरवर्षी दहा-बारा मुलगे राहायचे आणि त्यांच्या आया फाटकात येऊन विचारायच्या, ‘आमचं पोरगं काय सरकारचं नाही का?’ त्या बोलण्यात खरी अडचण असायची आणि एक काटाही असायचा. आम्ही लोकवर्गणी काढून त्या मुलांचे कपडे त्याच दुकानातून, त्याच कापडाचे शिवून घेतले आणि सगळ्यांना एकाच दिवशी, पटाच्या क्रमानं दिले. वर्गणी देणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिली नाहीत. एक देणगीदार रुसले. रुसू द्या.

कागदपत्रांचं काम मुलांच्या गळ्यात बांधू नका. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं, या तिन्हींसाठी मजुराचे तीन रोज बुडतात. तहसीलदारांना लेखी विनंती करून शाळेतच एक दिवस शिबिर मागा. मागितलं की मिळतंच असं नाही; मला तिसऱ्या पत्राला मिळालं.

जनरल रजिस्टर

इथं जरा थांबते, कारण माझ्या मते मुख्याध्यापकाच्या हातातलं सगळ्यांत मोठं सामाजिक न्यायाचं साधन हेच आहे आणि त्यावर प्रशिक्षणात पाच मिनिटंही मिळत नाहीत.

तुमच्या कपाटात खाली, खडूच्या खोक्यांच्या मागं, स्वातंत्र्याच्या आधीची रजिस्टरं असतील. कडा कुरतडलेल्या, शाई तपकिरी झालेली, काही पानं मोडी लिपीत. त्यात कुणाच्या तरी पणजोबाच्या नावासमोर जात लिहिलेली आहे. जात पडताळणीला तोच पुरावा लागतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. ज्यांच्याकडे सातबारा नाही, खरेदीखत नाही, जुना फोटोसुद्धा नाही, त्यांच्या घराण्याचा सरकारदरबारी एकच कागद असतो : आजा दोन वर्षं शाळेत गेला होता, त्याची ओळ.

एकदा जूनमध्ये एक म्हातारे नातवाला घेऊन आले. नातवाचा इंजिनिअरिंगचा प्रवेश व्हॅलिडिटीवर, म्हणजे जात पडताळणीच्या प्रमाणपत्रावर अडला होता. आधीच्या मुख्याध्यापकांच्या काळात ते दोनदा येऊन गेले होते आणि दोन्ही वेळा ‘जुनं रेकॉर्ड सापडत नाही’ हे उत्तर घेऊन परतले होते. मी कपाट रिकामं केलं. वाळवीनं तळाच्या रजिस्टराचा कोपरा खाल्ला होता, पण ओळ शाबूत होती. नाव, बापाचं नाव, जात, ‘गैरहजेरीमुळे नाव कमी’. म्हाताऱ्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, ‘हे माझ्या बापाचं नाव का?’ आणि बोट बराच वेळ उचललं नाही.

म्हणून पहिल्या महिन्यात हे करा. सगळी रजिस्टरं बाहेर काढा, उन्हात नको, सावलीत वारं द्या. प्रत्येक पानाचा मोबाइलवर नीट फोटो काढा, पेन ड्राइव्हवर एक आणि गटशिक्षणाधिकारी कार्यालयात एक प्रत द्या, पोच घ्या. मोडी पानांची स्वतंत्र यादी करा. उताऱ्याचा अर्ज आला की आवक क्रमांक टाका आणि तारीख द्या. ‘उद्या या’ म्हणू नका. उद्या म्हणजे त्याचा आणखी एक रोज. आणि या कामाचा चहासुद्धा घेऊ नका. उताऱ्यासाठी पाकीट घेणारे आपल्यात आहेत, हे तुम्हालाही माहीत आहे.

नवीन नोंदी त्याहून जपून करा. तुम्ही आज पहिलीत जे लिहाल ते तीस वर्षांनी कुणी तरी जात पडताळणी समितीपुढे ठेवणार आहे. नुसतं ‘कोळी’ आणि ‘कोळी महादेव’ यात कायद्याच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे. अंदाजानं लिहायचं नाही, गावात काय म्हणतात त्यावरून लिहायचं नाही. पालकाच्या कागदावर आहे ते, अक्षर न् अक्षर. कागद नसेल तर तसं सांगून आणायला वेळ द्या, पण मुलाला वर्गात बसवून. जन्मतारखेचंही तेच. आपल्या आधीच्या गुरुजींनी अख्ख्या पिढीला १ जून ही जन्मतारीख वाटून टाकली. तुम्ही अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये बघा, दवाखान्याचं कार्ड मागा, आईला सण विचारा. चुकलंच तर व्हाइटनर लावायचा नाही. अर्ज, पुरावा आणि वरिष्ठांची परवानगी, या क्रमानंच दुरुस्ती.

दाखला नाही म्हणून परत पाठवू नका

पालांवरचा एक मुलगा, अंदाजे नऊ वर्षांचा, चुलत्याबरोबर आला. जन्माचा दाखला नाही, आधार नाही, आधीची शाळा नाही. माझे सहकारी म्हणाले, ‘मॅडम, याला घेतलं की पोर्टल आपल्यालाच लाल दाखवणार.’ त्यांचं चूक नव्हतं. संचमान्यतेला, म्हणजे शिक्षकांची पदं मंजूर व्हायला, आधार जुळलेला पट लागतो आणि आमचं तिसरं पद काठावर होतं.

पण शिक्षणहक्क कायदा इथं स्वच्छ आहे. कलम १४ म्हणतं, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. कलम ५ म्हणतं, आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी प्रवेश थांबवायचा नाही, आणि दाखला द्यायला विलंब लावणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कलम ४ म्हणतं, मूल वयानुसार वर्गात बसवा आणि मागं राहिलेलं विशेष प्रशिक्षण देऊन भरून काढा. आधार शाळाप्रवेशाला सक्तीचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्येच सांगितलंय. या चार वाक्यांचा कागद माझ्या टेबलाच्या काचेखाली असायचा. वाद घालायचा नाही, काचेकडे बोट दाखवायचं.

मुलगा तिसरीत बसला. पहिला महिना तो दारापाशी बसायचा, चप्पल हातात घेऊन. वर्गात काही हरवलं की सगळ्यांच्या माना तिकडेच वळायच्या. एकदा कंपासपेटी हरवली आणि शिक्षकांनी त्याचंच दप्तर आधी उघडलं. पेटी दुसऱ्याच मुलीच्या घरी, तिच्याच पलंगाखाली सापडली. मी शिक्षकांना त्याच संध्याकाळी एकट्याला बसवून सांगितलं की झडती घ्यायची तर सगळ्यांची, आणि सुरुवात आपल्या टेबलाच्या ड्रॉवरपासून. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गासमोर त्या मुलाची माफी मागितली. हे मी सांगितलं नव्हतं, त्यांच्या मनानं केलं. त्यांचं मला आजही कौतुक वाटतं.

दसरा झाला की पट फाटतो

आमच्या भागात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे ट्रक दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मुलगी दहा वर्षांची झाली की ती धाकट्या भावंडाला सांभाळायला कोप्यावर, म्हणजे तोडणीच्या झोपडीवर हवी असते. टोळीच्या मुकादमानं उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम दिलेली असते, त्यापुढं तुमची गृहभेट काही नसते. म्हणून आईबापाला उपदेश करायला जाऊ नका. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, ट्रक यायच्या आधी, घरोघर फिरून यादी करा : कोण जाणार, कुठल्या कारखान्याला, मुकादमाचा फोन, मागं राहायला आजी-आजोबा आहेत का. त्या यादीवर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह वेळेत पाठवा. मुलं आजीपाशी गावातच राहतात, दुपारची खिचडी शाळेत आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण योजनेतून. पैसे उशिरा येतात, किराणा दुकानदाराशी आधी बोलून ठेवा.

जी मुलं जाणारच, त्यांना शिक्षण हमी पत्रक द्या आणि तिकडच्या शाळेच्या गुरुजींना फोन करा. पत्रक दप्तरात मळतं, फोन लक्षात राहतो. आणि सलग गैरहजर म्हणून नाव कमी करू नका. त्या जुन्या रजिस्टरातली ‘गैरहजेरीमुळे नाव कमी’ ही ओळ आठवा. मार्चमध्ये परतलेलं मूल वर्गात आलं की त्याची वही, त्याची जागा तिथं असली पाहिजे.

याच कामातून मला एक सवय लागली. वाचता न येणाऱ्या मुलांची यादी वर्गवार न करता वस्तीवार करायची. वर्गवार यादीत प्रत्येक वर्गात तीन-चार ‘कच्ची’ मुलं दिसतात, म्हणजे काही विशेष नाही. वस्तीवार मांडली तर आमच्या अकरापैकी नऊ तांड्यावरची निघाली. ती मुलं कच्ची नव्हती, त्यांची घरची बोली गोरमाटी होती आणि आम्ही पहिल्या दिवसापासून त्यांच्याशी पुस्तकी मराठी बोलत होतो. तांड्यावरची बारावी झालेली एक सून रोज तासभर पहिलीत येऊन बसायला लागली. तिनं शब्द सांगायचे, आम्ही फळ्यावर दोन्ही लिहायचे. मानधन सरकारी खर्चाच्या कुठल्याच शीर्षात बसत नव्हतं. आम्ही तिघांनी खिशातून दिलं, आणि हे योग्य उत्तर नाही हेही सांगून ठेवते.

समिती कागदावर नको

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला आणि दुर्बल-वंचित घटकांच्या पालकांना पटाच्या प्रमाणात जागा. कागदावर सगळीकडे असतं. प्रत्यक्षात सभा सकाळी अकराला, जेव्हा मजूर बाई दुसऱ्याच्या रानात खुरपत असते. मग प्रोसिडिंग बुकवर तिच्या नावासमोर तिचा नवरा नाही तर दीर सही करतो. सभा रात्री आठला घ्या. एकदा शाळेत, एकदा वस्तीत, एकदा तांड्यावर. सगळे खाली सतरंजीवर, खुर्च्या काढायच्याच नाहीत. खुर्च्या काढल्या की त्या कुणाला मिळतात ते ठरलेलं असतं. ठराव मोठ्यानं वाचून मगच सह्या-अंगठे. पहिल्या दोन सभांना बायका बोलणार नाहीत. तिसऱ्या सभेला आमच्याकडे एकीनं विचारलं, ‘तेल किती येतं अन् किती लागतं?’ त्या दिवसापासून खिचडीची चव सुधारली.

थोडक्यात, पण विसरू नका

तक्रारपेटी ऑफिससमोर लावू नका, तिथं चिठ्ठी टाकणारा सगळ्यांना दिसतो. आमची वर्षभर रिकामी होती, हात धुवायच्या जागी हलवली आणि पहिली चिठ्ठी आली : ‘मला खालची करपट वाढतात.’ सफाईच्या वेळापत्रकात मुलगे, मुली, पाटलाचा नातू आणि शिक्षकाचं पोर, सगळे असले पाहिजेत, आणि स्वच्छतागृह कुठल्याच मुलाकडे नको. रॅम्प मोजून घ्या : एक फूट उंचीला बारा फूट लांबी. आमचा इतका उभा होता की त्यावरून मुलं घसरगुंडी खेळायची, आणि चाकाची खुर्ची वापरणाऱ्या मुलीला तिचे वडील उचलूनच आणायचे. जयंतीचं सगळं काम दलित शिक्षकाच्या आणि हळदीकुंकवाचं सगळं काम शिक्षिकेच्या गळ्यात घालू नका. छडी तर शिक्षणहक्क कायद्यानंच बंद आहे, कलम १७. टोमणेही त्यातच येतात, मानसिक त्रास हा शब्द तिथं लिहिलेला आहे.

जिथं समजूत घालायची नसते

पुढं मी पहिली ते आठवीच्या शाळेत गेले. तिथं सातवीतली एक मुलगी आठवडाभर आली नाही आणि तिच्या मैत्रिणीनं हळूच सांगितलं, ‘तिला बघून गेलेत.’ अशा वेळी घरी जाऊन समजावण्यात दिवस घालवू नका. ग्रामीण भागात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. त्यांना लेखी कळवा, १०९८ वर फोन करा, दोन्हींची वेळ वहीत लिहा. लग्न थांबलं. मुलीचे वडील सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत, मुलगी दहावी झाली.

लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर गावकी, मध्यस्थ, ‘शाळेची बदनामी’ यातलं काहीही ऐकायचं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि संस्थाप्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला तर वर्षापर्यंत कैद आहे. चौकशी आपण करायची नाही. मुलीला पुन्हा पुन्हा विचारायचं नाही. कळवायचं, तिच्यापाशी बसायचं.

हे सगळं करताना तुमच्याविरुद्ध अर्ज जाणार. माझ्याविरुद्ध तीन गेले. एकात लिहिलं होतं, ‘सदर शिक्षिका शाळेत जातीयवाद पसरवितात.’ पिंपाची जागा बदलली, त्याला उद्देशून. म्हणून प्रत्येक गोष्ट जावक क्रमांकानं पाठवा, पोच ठेवा, समितीचा ठराव जोडा. चौकशीला आलेल्या विस्तार अधिकाऱ्यांना मी काही बोलले नाही, फाइल पुढं ठेवली. ते पाऊण तास वाचत बसले, मग म्हणाले, ‘पाणी मिळेल का?’ मी म्हटलं, ‘दारातच आहे, साहेब.’

गेल्या मे महिन्यात सेवानिवृत्त झाले. चार्ज देताना डेड स्टॉक (शाळेचं सामानसुमान), तांदूळ, किल्ल्या सगळं झाल्यावर माझ्याकडून चार पानं वेगळी दिली. मार्चमध्ये कोणती मुलं परततात आणि त्यांच्या वह्या कुठल्या कपाटात आहेत, कुठल्या आजीला ऐकू येत नाही म्हणून दार जोरात वाजवावं लागतं, कुठल्या रजिस्टरची पानं सुटी झाली आहेत, तक्रारपेटीची दुसरी चावी कुणाकडे आहे. नवे सर तरुण आहेत, नीटनेटके. त्यांनी पानं उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, ‘मॅडम, ही कुठल्या फाइलला लावू?’

मी म्हटलं, फाइलला नको, तुमच्या पिशवीत ठेवा.